'जुना सुपरवायझर' काकांना उत्तर: कडक साहेब आणि वाईट साहेब

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण ती मी तीनदा वाचली आणि त्यातलं काही मनापासून पटलं. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वाईट साहेबामुळे चांगली माणसं कशी खचतात, यावर मी लिहिलं होतं. त्यावर काकांनी सुनावलं की आजच्या पोरांना एक शब्द सोसत नाही. काकांचे वडील जुन्या मिलमध्ये जॉबरच्या, म्हणजे माग आणि मजूर सांभाळणाऱ्या मुकादमाच्या, शिव्या खाऊन घर चालवायचे, तेव्हा कुणी मानसिक त्रास वगैरे म्हटलं नाही. पोरं सोलापूर सोडून पुण्याला जातात ती पगारासाठी. टार्गेट तर मालक देतो, मग मधल्या माणसाला कशाला झोडपता?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. वरून आकडा येतो, खालून अडचणी येतात आणि मॅनेजर दोन्हीकडून चेपला जातो. ते मी लिहायला हवं होतं. पण वरचा दाब खाली कसा पोचवायचा, हे त्याच्याच हातात असतं. एकजण म्हणतो, "आज माल जास्त काढायचाय, कुठं अडलं तर मला हाक मारा." दुसरा म्हणतो, "झालं नाही तर उद्या येऊ नका." दोघांना मिळालेला आकडा तोच असतो.

आता जॉबरचं. तुमच्या वडिलांनी सोसलं त्याबद्दल मला आदरच आहे. पण तेव्हा कुणाची तक्रार नव्हती, हे मात्र खरं नाही. कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला १९२९ मध्ये व्हिटली आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९३१ साली आला. कामावर घेण्याचे आणि काढण्याचे अधिकार जॉबरच्या हातून काढून घ्या, अशी त्यात स्पष्ट शिफारस आहे. नोकरी टिकवायला जॉबरला पैसे चारावे लागत, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. तुमच्या वडिलांच्या पिढीला त्रास होत होता, फक्त घरी येऊन ते बोलत नसत. माझे वडीलही बोलत नसत. रात्री ताटावर बसले की आई आम्हाला खुणेनंच गप्प करायची.

आणि एक गोष्ट स्वच्छ सांगतो, कडक माणसाबद्दल माझी तक्रार नाही. मला काम शिकवणारा जॉबर भयंकर कडक होता. दहा मिनिटं उशीर झाला तर गेटवरूनच परत पाठवायचा. पण चूक सांगायला गेलं की हातातलं काम टाकून आधी मागाकडे धावायचा. आरडाओरडा नंतर.

मूळ लेखात एक प्रसंग मी दोन ओळींत उरकला होता. तो नीट सांगायला हवा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात तपासणीच्या टेबलावर मी सहा वर्षं होतो, हाताखाली चौदा जण. त्यात कुंभारीच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, येणाऱ्या एक अक्का होत्या. टॉवेलवरून नुसता तळवा फिरवला की त्यांना दोष कळायचा. एका दुपारी त्यांचा हात मध्येच थांबला. टॉवेलवर उभी एक बारीक रेघ होती, तेवढ्या जागेत लूप, म्हणजे टॉवेलवरचा धाग्याचा फासा, उठलाच नव्हता. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, रेघ आत जाईल अशी घडी घातली आणि टॉवेल चांगल्या मालात ठेवला.

मी विचारलं तर हळूच म्हणाल्या, "मागच्या बारीला सांगितलं, तर माझ्याच हप्त्यातनं कापले की. आता कशाला सांगू?"

खरंच आठवड्याच्या पगारातून कापले होते. आमच्या मॅनेजरचा नियमच होता, दोष ज्याच्या टेबलावर सापडेल त्याच्यावर दंड. त्या दिवशी मीही वर कळवलं नाही. मलाही माझा हप्ता दिसत होता.

आता मागाकडे काय चाललं होतं ते बघा. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. उभ्या धाग्यावर ड्रॉप पिन टांगलेली असते. धागा तुटला की ती खाली पडते आणि माग थांबतो. त्या मागावर पिनांमध्ये रुई अडकली होती. धागा तुटला तरी पिन पडेना, माग आपला चालूच. जॉबरला कळलं असतं तर साफ करायला दहा मिनिटं पुरली असती. कुणी सांगितलं नाही आणि माग तीन दिवस तसाच चालला. पुढे सगळा लॉट परत आला. मग मॅनेजरनं टेबलावरच्या सगळ्या बायकांचे पैसे कापले. परिणाम एवढाच झाला की बायका घडी आणखी सफाईनं घालायला शिकल्या.

जपानच्या साकिची टोयोडांनी १९२४ साली असा स्वयंचलित माग बनवला की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. त्याच घराण्यानं पुढे मोटारी काढल्या, तेव्हा तोच विचार माणसांसाठी वापरला. बिघाड दिसला की साध्या कामगारानंही दोरी ओढावी आणि काम थांबवायला लावावं. आपल्या सोलापुरात तर घरोघरी माग. धागा तुटला की थांबायचं, हे आपल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. तरी जो माणूस थांबा म्हणतो, त्यालाच आपण दंड करतो. मला याचा राग येतो काका, आजही येतो.

अमेरिकेत एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी दवाखान्यांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुका मोजल्या. ते काम १९९६ साली प्रसिद्ध झालं. त्यांना वाटलं होतं, चांगल्या चमूत चुका कमी निघतील. निघाल्या जास्त. त्यांनी खोलात जाऊन पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की चांगल्या चमूत माणसं चूक मोकळेपणानं सांगत होती. जिथे मुख्य परिचारिकेची धास्ती होती तिथे कागदावर सगळं स्वच्छ. तपासणीचं आमचं रजिस्टरसुद्धा त्या महिन्यांत फार स्वच्छ होतं.

पुण्याबद्दल. हो, पगार तिकडे जास्त आहे. सोलापूर-पुणे हुतात्मा एक्सप्रेसनं गेलेली किती पोरं परत येतात, तेही मी पाहतोय. पण जाऊ शकतो तो जातो. अक्का कुठे जाणार? घर इथे, नातवंडं इथे. वाईट साहेबाचा खरा मार अशांच्या वाट्याला येतो, आणि त्या सोडून जात नाहीत म्हणून तो कुठल्या आकड्यात दिसत नाही.

शिवाय हे एका माणसापुरतं राहत नाही. आमच्या खात्यात तुळजापूरकडचा एक मुलगा होता, इतका मऊ की बायका त्याला डब्यातली शेंगाचटणी काढून ठेवायच्या. सुपरवायझर झाला आणि सहा महिन्यांत मॅनेजरचंच बोलणं बोलू लागला, अगदी तोच हात आपटून. वर चढायचं तर असंच बोलावं लागतं, एवढंच त्यानं पाहिलं होतं. पुढे तो मॅनेजर दुसरीकडे गेला. हात आपटणं राहिलं.

तुम्ही विचारलंत, मग मॅनेजरनं करायचं तरी काय? माझ्या त्या कडक जॉबरचं सांगतो. रोज शिफ्ट सुरू होताना तो विचारायचा, "काल काय बिघडलं?" आणि पहिली चूक स्वतःची सांगायचा. "काल चार नंबरचा बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) मी उशिरा चढवला." मग बाकीच्यांची तोंडं उघडायची. त्या वेळी सांगितलेल्या चुकीवर त्यानं कधी कुणाचा पैसा कापू दिला नाही. त्यासाठी मालकाशी भांडलेला मी त्याला पाहिलंय.

मूळ लेखात 'सगळा दोष मॅनेजरचाच' असं एक वाक्य होतं. तुमच्यामुळे ते आज काढलं, आणि मालकाच्या टार्गेटवर एक परिच्छेद घातलाय, तो जरूर वाचा. अक्कांचा प्रसंग तसाच ठेवलाय. त्यात मी गप्प राहिलो हे आधी लिहिलं नव्हतं, तेही आता घातलंय.