शववाहिकेच्या छतावरचा लाल दिवा मूळचाच असतो

जुन्या अमेरिकी गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक दावा मोठ्या विश्वासाने पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: कॅडिलॅक कंपनी आपल्या कारखान्यात एकाच साच्याच्या काळ्या शववाहिका बनवत असे, त्यामुळे 1950 आणि 1960च्या दशकांतील एखाद्या शववाहिकेच्या छतावर लाल दिवा, आत घडीची खुर्ची, बाजूने बाहेर सरकणारे टेबल किंवा मागे उघडा हौदा दिसला, तर तो नंतरच्या मालकाचा जुगाड समजावा आणि गाडी मूळ रूपात आणताना काढून टाकावा. हा दावा खरा मानून अस्सल भाग उखडून फेकले जातात, म्हणून त्याचे सविस्तर खंडन करणे मला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे, कॅडिलॅक पूर्ण शववाहिका बनवतच नव्हती. ती विकत असे ती फक्त ‘कमर्शियल चॅसिस’, म्हणजे लांब व मजबूत सांगाडा, इंजिन आणि पुढचा पत्रा. 1959 साली अशा सुमारे 2,100 चॅसिस बाहेर पडल्या आणि त्यांच्या पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर 156 इंच होते. त्यावर बॉडी बांधण्याचे काम ओहायो राज्यातील मिलर-मिटिऑर, सुपीरियर, हेस अँड आयझेनहार्ट आणि इलिनॉय राज्यातील युरेका यांसारखे स्वतंत्र कारखाने करत. पॅकार्डच्या चॅसिसवर 1954 पर्यंत हेनी कंपनी अशाच गाड्या बांधत होती. अंत्यसंस्कार सेवा चालवणारा मालक या कारखान्यांकडे किंवा त्यांच्या विक्रेत्याकडे आपल्या गरजेप्रमाणे मागणी नोंदवत असे. तेव्हा ‘कारखान्याचे एकच मूळ रूप’ ही कल्पनाच इथे लागू होत नाही.

लाल दिव्याचा आणि खुर्चीचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण नासधूस तिथेच जास्त होते. अमेरिकेच्या लहान गावांत माणसाला आडवे झोपवून नेता येईल असे वाहन बहुधा अंत्यसंस्कार सेवेकडेच असे, म्हणून रुग्णवाहिकाही तीच सेवा चालवी. 1966 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने नोंदवले, की देशातील जवळजवळ निम्मी रुग्णवाहिका सेवा सुमारे 12,000 अंत्यसंस्कार व्यावसायिकांच्या हाती होती. दोन गाड्या परवडत नसलेल्या या मालकांसाठी बॉडी बांधणारे ‘कॉम्बिनेशन’ गाडी देत. तिच्या मागच्या भागात वाकून पाहिले, की रचना लगेच उमजते. फरशीतल्या फळ्या उलटल्या की एका अंगाला शवपेटी सरकवण्याचे रूळ येतात आणि दुसऱ्या अंगाला सपाट पृष्ठभाग, ज्यावर स्ट्रेचर उभे राहते. शवपेटी हलू नये म्हणून बसवायच्या खुंट्या काढता येतात, परिचारकाची खुर्ची घडी घालून मिटते, खिडक्या झाकणारे शोभेचे फलक उतरवता येतात आणि छतावरचा दिवा काढून त्याच्या खोबणीवर झाकण लावता येते. हे सर्व मूळ बांधणीचेच भाग होते. कधी सायरन आणि दिवा विक्रेत्याने गाडी हाती देण्यापूर्वी बसवलेला असे. तोही नंतरचा बदल म्हणता येणार नाही.

उलट, 1974 च्या सुमारास संघराज्य सरकारने रुग्णवाहिकांसाठी नवे निकष आणले, व्हॅन आणि ट्रकवर बांधलेल्या उंच गाड्या आल्या आणि अंत्यसंस्कार सेवांनी हे काम सोडले. त्यानंतर अनेक कॉम्बिनेशन गाड्यांवरचे दिवे उतरवले गेले. त्यामुळे आज दिवा नसलेली गाडीच बदललेली असण्याची शक्यता दुर्लक्षित करता येत नाही.

बाजूने सरकणाऱ्या टेबलाबाबतही तोच गैरसमज आहे. त्याला ‘थ्री-वे’ टेबल म्हणत, कारण शवपेटी मागून तसेच डाव्या व उजव्या दारातून घेता येई. गाडी पदपथाला लागून उभी केली, की पेटी उचलणाऱ्यांना रहदारीत किंवा चिखलात उतरावे लागत नसे. हेनीने तर दुसऱ्या महायुद्धापूर्वीच हे टेबल विजेवर चालवून दाखवले होते. एवढी अवजड यंत्रणा सांगाडा आणि दारे आखतानाच विचारात घ्यावी लागते. मागून एखाद्या गॅरेजमध्ये ती बसवणे सोपे काम नव्हे.

उघड्या हौद्याची गाडी म्हणजे ‘फ्लॉवर कार’. अंत्ययात्रेतली पुष्पचक्रे वाहून नेण्यासाठी बॉडी बांधणारे ती 1930च्या दशकापासून देत होते, आणि काहींमध्ये फुलांच्या फलाटाखाली शवपेटीसाठीही जागा असे. शववाहिका कापून केलेला पिकअप म्हणून तिची किंमत पाडणे चूक आहे. काळा रंगही नियम नव्हता. पांढऱ्या आणि दुरंगी कॉम्बिनेशन गाड्या सर्रास मागवल्या जात.

सगळ्याच विचित्र गोष्टी मूळच्या असतात, असा माझा दावा नाही. शववाहिकांना राहण्याच्या गाड्यांचे किंवा प्रदर्शनी वाहनांचे रूप पुढे अनेकांनी दिले. फरक ओळखायचा तर बॉडी बांधणाऱ्याची पट्टी आणि तिच्यावरचा क्रमांक आधी शोधावा, दिव्याची तार छताच्या अस्तराखालून मूळ जुडग्याला मिळते का ते पाहावे, गाडी जिथे प्रथम वापरात होती तिथली छायाचित्रे मिळतात का याची चौकशी करावी. आणि तरीही एखादा भाग काढायचाच असेल, तर तो जागेवर असतानाचे छायाचित्र काढून, चिठ्ठी लावून गाडीबरोबरच जपून ठेवावा.