एन्काउंटर, तारीख आणि दाद्याचा अटकपूर्व जामीन

परवा कट्ट्यावर परत तोच विषय. दाद्याने मोबाईलवर कसलीतरी बलात्काराची बातमी वाचली आणि फोन खिशात टाकत म्हणाला, "कोर्टबिर्ट काय नको, गाडीतनं उतरवा अन् घाला गोळ्या." आमच्या सांगलीच्या कट्ट्यावर हे वाक्य आठवड्यातनं एकदा तरी पडतंच आणि माना पण डोलतात. पण परवा वकील होता (आमच्याच वर्गातला, जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतो, नावाने त्याला कुणीच हाक मारत नाही) आणि तो एकदम अंगावरच आला.

म्हणाला, बदलापूर विसरलास का रे? ऑगस्ट २०२४ ला तिथं लोक रुळावर उतरले, दिवसभर लोकल बंद, आणि राग खरा होता, कारण शाळेतच लैंगिक अत्याचार झालेल्या चिमुकल्या पोरींच्या आयांना तक्रार घ्या म्हणून पोलीस स्टेशनला तासन् तास ताटकळावं लागलेलं. २३ सप्टेंबरला आरोपी पोलीस व्हॅनमध्येच गोळी लागून मेला. पोलिसांचं म्हणणं, त्याने बंदूक हिसकावून गोळी झाडली म्हणून आम्ही झाडली. मुंबईत 'बदला पुरा' म्हणून बॅनर लागले. जानेवारी २०२५ ला दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल हायकोर्टात आला, त्यात पाच पोलिसांना जबाबदार धरलेलं. आणि शाळेच्या ज्या संस्थाचालकांवर प्रकरण वेळेत कळवलं नाही असा आरोप होता ते आरोपी मेला त्या दिवशी अजून फरारच होते, ऑक्टोबर २०२४ मध्ये धरले.

"मग? नराधम तर गेला ना," दाद्या.

"गेला, पण त्याच्याबरोबर त्याच्यावरचा खटला पण गेला की. शाळेत कुणाकुणाला माहीत होतं, कुणी दाबलं, हे त्याच्या खटल्यात कोर्टात बोललं गेलं असतं. आता कोण बोलणार?"

यावर दाद्याकडे उत्तर नव्हतं म्हणून त्याने हैदराबाद काढलं, म्हणजे स्वतःच खड्ड्यात पडला. ६ डिसेंबर २०१९, डॉक्टर तरुणीच्या बलात्कार-खुनातले चार आरोपी पोलिसांनी पहाटे मारले, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, आम्हीपण तेव्हा इथंच बसून 'बरं झालं' म्हणालेलो, खोटं कशाला बोला. नंतर सुप्रीम कोर्टाने आयोग नेमला, निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर अध्यक्ष, २०२२ ला त्यांचा अहवाल उघड झाला: पोलिसांनी जीव घ्यायच्या हेतूनेच गोळ्या घातल्या, दहा जणांवर खुनाचा खटला चालवा. आणि त्या चारातले तिघे अल्पवयीन होते असंही त्यात आहे. ही दुसरी बातमी कुणी फॉरवर्ड केली? माझ्या एकाही ग्रुपवर आली नव्हती.

माझं म्हणणं मी तिथं मांडलं ते असं, की एन्काउंटरला टाळ्या वाजवणाऱ्याने एकदा तरी ११ जुलै २००६ चा विचार करावा. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. तेव्हा पकडलेल्यांना जर कुणी रस्त्यावर उभं करून गोळ्या घातल्या असत्या तर पेढे वाटले असते पेढे. २०१५ ला विशेष कोर्टाने बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी, सातांना जन्मठेप, तेरावा त्याच वेळी निर्दोष सुटला, पण सुटेपर्यंत नऊ वर्षं गेलीच की त्याची. मग २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने बाराच्या बारा सोडले. म्हटलं पुरावा टिकत नाही, वेगवेगळ्या माणसांच्या कबुलीजबाबात मजकूर सारखाच आहे, ओळख परेड घेणाऱ्याला ती घ्यायचा अधिकारच नव्हता. बारातला एक तर आधीच, २०२१ ला, कोविडने जेलमध्ये वारला. तीन दिवसांत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या केसेसमध्ये दाखला म्हणून वापरायचा नाही, पण सुटलेल्यांना परत आत टाकलं नाही.

आता सांगा, पोलिसांनी पकडला म्हणजे गुन्हेगार, हे गणित इथं कुठं बसवायचं?

अण्णा, जे तोपर्यंत गप्प पेपर वाचत होते (कोर्टात बेलीफ म्हणून आयुष्य गेलं त्यांचं), ते मान वर न करताच म्हणाले, "दाद्या, चुलतभावाने तुझ्यावर मारामारीची केस घातली तेव्हा तू रात्री अकराला वकिलाच्या दारात होतास. अटकपूर्व पाहिजे म्हणून."

"ती केस खोटी होती अण्णा!"

"ते चुलतभावाला विचारून बघ."

हशा झाला, पण दाद्या हसला नाही आणि नंतर तो जे बोलला ते मला घरी येईपर्यंत डाचत होतं. म्हणाला, ठीकाय, तुम्ही शहाणे, मग २००६ ला जी माणसं घरी आली नाहीत त्यांच्या बायकापोरांना काय सांगता? एकोणीस वर्षांनी कोर्ट म्हणतंय हे ते नव्हेत, मग ते कोण? कसाबला जमलं ना तुम्हाला, २००८ ला पकडला, वकील दिला, तीन कोर्टं झाली आणि नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी, चार वर्षांत. जगाच्या डोळ्यांसमोर होतं म्हणून जमलं, आमच्या केसला कोण बघतंय.

इथं वकील पण जरा नरमला. म्हणाला, कसाबच्या केसमध्ये सरकारने मनावर घेतलं होतं, एरवी घेत नाहीत. दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश पाहिजेत असं लॉ कमिशनने १९८७ ला लिहून ठेवलंय, आज एकवीस-बावीसच्या आसपास आहेत. जेलमध्ये दर चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच अजून लागला नाही असे. आपल्या सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच मागता मागता चाळीस वर्षं गेली, ऑगस्ट २०२५ ला एकदाचं सुरू झालं, तोवर एका तारखेसाठी रात्रीची गाडी धरून मुंबई. आणि तपास? गणपती आला, तपास अधिकारी बंदोबस्ताला. मंत्री आला, बंदोबस्ताला. निवडणूक, बंदोबस्त. तपासाचे पोलीस वेगळे आणि बंदोबस्ताचे वेगळे करा हे सुप्रीम कोर्टाने प्रकाश सिंह केसमध्ये सांगितलं कधी, तर सप्टेंबर २००६ ला, म्हणजे त्या स्फोटांनंतर दोन महिन्यांनी. आज पण आमच्या केसमधला तपास अधिकारी साक्षीला येत नाही, का, तर साहेब बंदोबस्ताला.

"मग यासाठी कुणी रुळावर उतरतंय का?" मी विचारलं.

"न्यायाधीश भरा म्हणून? हट्," दाद्या म्हणाला, "माणसं यायची नाहीत. बॅनरवर तरी काय लिहिणार?"

अण्णा म्हणाले, मी लिहून देतो, छपाईचे पैसे तू दे. त्यावर दाद्या आणि वकील यांच्यात बॅनरवर नक्की काय मागायचं, आधी न्यायाधीश की आधी वेगळे तपास पोलीस, यावरून जी नवीन भांडणं लागली ती मी निघालो तरी चालूच होती.