सुतावरून स्वर्ग

या सगळ्याला एक चित्र कारणीभूत आहे. दोन झाडं, मधे झोळी, झोळीत एक माणूस, छातीवर पालथं घातलेलं पुस्तक आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू कर्जाचा शेवटचा हप्ता कालच फिटलाय. तो माणूस त्या झोळीत चढला कसा आणि उतरणार कसा, हे चित्रात नव्हतं. हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. तो पडला नाही. बाकी सगळं पुढे पडलं.

"आपल्या परसात दोन झाडं आहेत," मी जेवताना जाहीर केलं. "दोन झोळ्या टांगू. विकत नाही आणायच्या, घरी करू."

'घरी करू' म्हटलं की आमच्याकडे एक विशिष्ट शांतता पसरते. मागे मी घरी केलेलं पुस्तकांचं कपाट अजून भिंतीच्या आधाराने उभं आहे. आबा त्याच्या शेजारून जाताना श्वास रोखून जातात.

पण मी हटलो नाही. झोळीत आहे काय? एक चादर, दोन दोऱ्या. शिवाय या कामासाठी लागणारा मुख्य गुण माझ्यात उपजत आहे, असं माझं मत होतं. मला सैल काही खपत नाही. पलंगपोसावर सुरकुती दिसली की मी उशा उचलून तो पुन्हा ओढतो. कपडे वाळत घालायची दोरी मी इतकी ताणून बांधतो की तिच्यावर ओला टॉवेल टाकला तर तो उडून परत येतो. झोळी ताणायला माझ्याहून लायक माणूस सापडला नसता.

पहिल्या रविवारी मी कपाटातून पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली जाड चादर काढली. (बायको बाहेर गेली होती. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.) चारही कोपऱ्यांना भोकं पाडून पितळी आयलेट ठोकले, त्यातून नायलॉनची दोरी ओवली आणि झाडाला पाय लावून, जिवाच्या आकांताने ओढून, निरगाठीवर निरगाठ अशा सहा-सहा निरगाठी मारल्या. चादर इस्त्री केल्यासारखी सपाट झाली. मी दोरीला टिचकी मारली. टंग्ग असा आवाज आला.

"तंबोरा लागला का रे?" आबा खुर्चीतून म्हणाले.

मी उत्तर न देता चादरीवर बसलो. म्हणजे बसायला गेलो. चादर माझ्याखालून जी फिरली, ती एखादं पान उलटावं तशी, आणि मी तोंडघशी पडलो. हा शब्द मी आयुष्यभर अलंकारिक अर्थाने वापरत आलो होतो. जमिनीवर पडल्या पडल्या मी मान वर केली, तर चादर पुन्हा सपाट होऊन, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने वर डोलत होती.

दुसऱ्या प्रयत्नाला मी चपळाई केली. चादर फिरायच्या आत अंग झोकून दिलं. ती फिरली नाही. टर्रर्र असा एक दीर्घ, सावकाश आवाज झाला आणि चारही आयलेट चादर सोडून दोरीवर लटकत राहिले. सगळं वजन चार भोकांच्या कडांवर आलं तर कापड दुसरं काय करणार, हे मला नंतर समजावण्यात आलं. समजावणारी माझी मुलगी. ती भौतिकशास्त्र शिकते आणि घरातल्या अपघातांकडे प्रात्यक्षिक म्हणून बघते.

"बाबा, तुमचं वजन किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

घरात हशा पिकला. ऐंशी धरायचं ठरलं.

मग तिने वहीच्या पाठीमागे दोन झाडं आणि मधे एक गोळा काढला. तो गोळा मी होतो. दोरी आडव्या रेषेशी 30 अंशाचा कोन करून खाली उतरत असेल, तर प्रत्येक झाडावर माझ्या पूर्ण वजनाइतकी ओढ येते: 80 किलो. कोन 10 अंशांवर आणला तर 230 किलो. आणि मी ज्या कौशल्याने ताणली होती, त्या 5 अंशांना जवळजवळ 460.

"म्हणजे एकेका झाडाला पावणेसहा बाबा लटकलेत," ती म्हणाली.

"एक पुरे आहेत," बायको म्हणाली. ती परत आली होती आणि चादरीकडे बघत होती.

थोडक्यात, मी जितकं ओढत होतो तितकं दोरी, गाठ, कापड आणि झाड या सगळ्यांचं मरण जवळ आणत होतो. उलटण्याचं कारणही तेच. चादर सपाट ताणली की बसणाऱ्याचा भार टांगलेल्या टोकांच्या रेषेच्या वर येतो आणि संधी मिळताच खाली जायला बघतो. झोळ असेल तर माणूस त्या रेषेच्या खाली असतो, मग उलटून जाणार कुठे? झोळी या शब्दातच झोळ आहे, असं मुलगी म्हणाली. मला हे मराठीतून भौतिकशास्त्राने सांगावं, याचं वाईट वाटलं. पण मन मानेना. इतकी लोंबती वस्तू आपल्या परसात? लोक काय म्हणतील, याला साधी चादर ओढता येत नाही?

दुसरा रविवार बराचसा गाठी सोडवण्यात गेला. आपल्या भाषेत निरगाठ आणि सुरगाठ असे दोन स्वच्छ शब्द आहेत आणि त्यातला एकच मला बांधता येतो. वजन पडून आवळलेली नायलॉनची निरगाठ ही सोडवायची वस्तूच नाही. नखं गेली, स्क्रूड्रायव्हर वाकला, शेवटी विळीने कापली. दर रविवारी दोरी अशी दोन-दोन फुटांनी आखूड होत गेली. झाडं मात्र होती तिथेच राहिली.

याच काळात मी मनाची समजूत म्हणून इतिहास वाचला. ही झोळी मूळची अमेरिकेच्या बाजूची. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक तिला 'हामाका' म्हणत. कोलंबस 1492 मध्ये तिथे पोचला आणि ती युरोपात गेली, मग जहाजांवर. खलाशांना ती आवडली कारण जहाज डुललं तरी झोळी आपल्या वजनाने उभीच्या उभी राहते, माणूस गडगडत नाही. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांवर एकेका खलाशाला झोळीसाठी 14 इंच रुंदीची जागा नेमून दिलेली असे. चौदा इंच! शेजारी तोफ, खाली समुद्र, आणि ती माणसं घोरत. मला बारा फूट मोकळी जागा होती, समुद्र नव्हता, तोफ नव्हती, फक्त आबा होते. सकाळी खलाशी त्याच झोळ्या गुंडाळून जहाजाच्या कडेला जाळीत रचून ठेवत, बंदुकीच्या गोळ्या अडवायला. मीही माझी फाटकी चादर गुंडाळून ओट्यावर ठेवली. तिने आबांचं एकही वाक्य अडवलं नाही.

तिसऱ्या रविवारी घरच्यांनी सूत्रं हातात घेतली. हे 'सूत्रं' मी मुद्दाम म्हणतोय. माझ्या हातात सूतही राहू दिलं नाही.

कापड नवं आलं, दहा फूट लांब. साडेसात फुटांच्या चादरीत माणूस मावत नाही, दुमडतो. त्याची टोकं भोकं न पाडता गोळा करायची होती. मी टोकाचा बोळा करायला घेतला, तर बायकोने तो हातातून काढून घेतला आणि भराभर निऱ्या घातल्या. एकसारख्या, बोटभर रुंदीच्या. दहा सेकंद लागली असतील. मी त्याआधी चाळीस मिनिटं त्या टोकाशी झटापट करत होतो. धाकट्याने त्या निऱ्यांचं टोक मागे दुमडलं, दोरी त्या दुमडीतून खालून वर घेतली, मागून वेढा दिला आणि आपल्याच वेढ्याखाली अडकवली. या गाठीला शीट बेंड म्हणतात. इथे 'शीट' म्हणजे चादर नव्हे, शिडाची दोरी. भार येईल तशी ती आवळते आणि भार काढला की बोटाने सुटते. नऊ वर्षांच्या मुलाने ती दाखवली आणि वर विचारलं, "बाबा, तुम्ही विळीने का कापता?"

झाडाचाही विचार झाला. माझ्या बारीक दोरीने सालीवर वळ उठवले होते. सालीच्या आतल्या बाजूलाच झाडाचा जिवंत थर असतो, बारीक दोरी तिथे रुतते आणि झाडाला इजा होते. आबा उठले (तीन आठवड्यांत पहिल्यांदा) आणि माळ्यावरून जुन्या खाटेची नवार काढून घेऊन आले. चांगली रुंद. ती खोडाभोवती फिरवून तिच्यात दोरी अडकवली. "खाट गेली, नवार कामाला आली," असं म्हणून ते परत बसले. त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य ज्यात मी नव्हतो.

नवार डोक्याच्या उंचीवर आली. मला ती फार वर वाटली, कारण मला झोळी खुर्चीच्या उंचीवर हवी होती आणि म्हणून मी आदल्या रविवारी तिची टोकंच खुर्चीच्या उंचीवर बांधली होती. त्याची हकिगत सांगायची नव्हती, पण सांगतो. मी बसलो आणि काहीही फाटलं नाही, सुटलं नाही. झोळी फक्त सावकाश खाली येऊ लागली. गाठी आवळल्या, सुती कापड ताणलं गेलं, नायलॉन लांबला, आणि मी लिफ्टमधल्या माणसासारखा समोर बघत, गंभीर चेहऱ्याने, खाली खाली जात अलगद जमिनीवर टेकलो. कोणी हसलंही नाही. सगळे तो प्रवास शेवटपर्यंत बघत होते.

आता मुलीने दोन टोकांच्या मधे, झोळीच्या वरून, आणखी एक बारीक दोरी बांधली. दहा फुटी कापडाला सव्वाआठ फुटांची. या दोरीमुळे झोळ ठरलेला राहतो. झाडं जवळ असोत की लांब, झोळी तेवढीच लोंबते. ही दोरी माझ्यासाठीच होती, हे तिने बोलून दाखवलं नाही. मी रात्री जाऊन ओढेन, याची तिला खात्री होती. मी खरोखरच गेलो होतो. ओढली. काही झालं नाही.

बायकोची अट होती की आधी विटांची गोणी झोपेल, मग माणसं. गोणी झोपली. अर्धा दिवस. इतकी निवांत की मला तिचा हेवा वाटला.

मग चढायचं शिक्षण. मी घोड्यावर बसावं तसा एक पाय आत टाकला. झोळी त्या पायाला घेऊन पलीकडे गेली, दुसरा पाय जागीच राहिला, आणि मधला मी 'अगं धर, धर' एवढंच म्हणू शकलो. कोणाला उद्देशून, ते झोळीलाच माहीत. योग्य पद्धत अशी, की पाठ झोळीकडे करायची, कापड हातांनी फाकायचं, मधोमध बूड टेकायचं आणि मगच पाय वर घ्यायचे. हे धाकट्याने एकदा करून दाखवलं आणि मी अकरा वेळा.

आत गेल्यावरही एक अडचण राहिली. मी शिस्तीत सरळ झोपलो. पाय आकाशात, डोकं आकाशात, मधला भाग पाताळात. हनुवटी छातीला लागली.

"तिरके झोपा हो, तिरके!" बायको ओरडली.

पाय उजवीकडे सरकवले, डोकं डावीकडे. आणि काय आश्चर्य, कापड पाठीखाली सपाट झालं. तीन रविवार मी जो सपाटपणा दोऱ्या ओढून मिळवायला बघत होतो, तो त्या लोंबत्या, गबाळ्या झोळीत तिरकं झाल्याबरोबर फुकट मिळाला. मला आनंद झाला आणि थोडा रागही आला.

चौथ्या रविवारी दोन्ही झोळ्या शेजारी शेजारी लागल्या. दोन्हींचा झोळ इतका की कपडे वाळत घालणारी माझी दोरी शेजारी ताठ उभी राहून त्यांच्याकडे तुच्छतेने बघत होती. दुसरी झोळी खरं तर बायकोसाठी केली होती, पण आबा म्हणाले, "जरा बसून बघतो," आणि त्यांनी पाठ केली, कापड फाकलं, बूड टेकलं, पाय घेतले. पहिल्याच फटक्यात. चार आठवडे खुर्चीतून नुसती टीका करत नव्हते तर, अभ्यास चालला होता.

मी छातीवर पुस्तक पालथं घातलं. वारा होता. पानं हलत होती. बायको दारातून बघत म्हणाली, "झालं बाई एकदाचं," आणि पोरांना घेऊन आत गेली. तासभर गेला असेल. आता उठावं, म्हणून मी कोपरावर भार दिला. झोळी कोपराला घेऊन खाली गेली. पाय बाहेर काढायला गेलो, तर ती पायांमागे वर आली. मी पुन्हा निजलो आणि चेहरा तसाच हसरा ठेवला, कारण शेजारून आबा बघत होते. तेही हसत होते. त्यांच्याही चेहऱ्यावर अगदी तेच, चित्रातलं हसू.

बराच वेळ कोणीच बोललं नाही.

"अरे," आबा आभाळाकडे बघत म्हणाले, "तुला उतरता येतंय का?"

"नाही. तुम्हाला?"

"येत असतं तर विचारलं असतं का?"