लोबेरा, मानोलो आणि बेळगावचा मी : एका प्रतिक्रियेला उत्तर

इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) खेळणाऱ्या एफसी गोवा या फुटबॉल क्लबच्या आजवरच्या कोचवर मी लिहिलेल्या लेखाखाली ‘गौरप्रेमी’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो (लोबेरा आणि मानोलो हे क्लबला लाभलेले दोन कोच, कोरो हा लोबेराच्या वेळचा स्ट्रायकर, आणि बेंगळुरू म्हणजे बेंगळुरू एफसी हा प्रतिस्पर्धी क्लब):

“लोबेराचं तुणतुणं आता पुरे. कोरो नसता तर लोबेराला कोणी विचारलं असतं? मानोलोने सुपर कप आणला, त्याला तुमच्या लेखात जेमतेम चार ओळी. आणि बेंगळुरूवरच्या रागापोटी बेळगावात टीव्हीसमोर बसून गोव्याचे झालेल्यांनी आमच्या क्लबला कोच कसा हवा ते शिकवू नये.”

मित्र म्हणाले, सोडून दे, अशांना उत्तर देऊन काय मिळतं. पण त्या प्रतिक्रियेला पसंती देणाऱ्यांत माझ्या ओळखीची नावं आहेत. ज्यांच्याबरोबर मी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमच्या स्टँडमध्ये बसलोय अशांची आहेत. गप्प बसलो तर ते वाक्य खरं धरलं जाईल, म्हणून लिहितोय.

आधी जे बरोबर आहे ते मान्य करतो. मानोलो मार्केझवर मी कमी लिहिलं. २०२१-२२ मध्ये नववा आणि २०२२-२३ मध्ये सातवा आलेला संघ त्याने हातात घेतला, पहिल्या मोसमात तिसऱ्या आणि दुसऱ्या मोसमात दुसऱ्या क्रमांकावर नेला, आणि मे २०२५ मध्ये भुवनेश्वरला जमशेदपूरवर ३-० असा विजय मिळवून सुपर कप आणला. त्या वर्षी भारतीय संघाची जबाबदारीही त्याच्याकडेच होती. यावर चाराऐवजी दहा ओळी लिहिता आल्या असत्या. हा तुमचा मुद्दा योग्य आहे, तो मी घेतला.

आता भाषेबद्दल बोलू. ‘तुणतुणं’, ‘रागापोटी’, ‘टीव्हीसमोर बसून’, ‘शिकवू नये’. इतक्या लहान प्रतिक्रियेत इतके टोमणे मारायची गरज होती का? माझ्या लेखात मी कुठल्याही कोचबद्दल, खेळाडूबद्दल उणा शब्द वापरलेला नाही. कार्लोस पेनाचा मोसम मला अजिबात आवडला नव्हता. तरी त्याच्यावर लिहिताना पहिलं वाक्य हेच लिहिलं, की तो याच क्लबकडून खेळला आणि २०१९-२०च्या शील्ड (साखळीत पहिला येणाऱ्याला मिळते ती) जिंकणाऱ्या संघात होता. झिकोच्या शेवटच्या मोसमात आपण तळाला होतो, तरी २०१५च्या फायनलपर्यंत त्यानेच नेलं हे मी विसरलो नाही. मतभेद असे मांडता येतात. तुम्हाला ते जमलं नाही, किंवा जमवायचं नव्हतं.

आणि ते ‘बेंगळुरूवरच्या रागापोटी’. साहेब, हे वाक्य मला लागलं, आणि का लागलं ते नीट सांगतो.

बेळगावचा मराठी माणूस काहीही करो, त्याच्या मागे सीमाप्रश्नच असणार असं धरून चालणारे लोक आम्ही लहानपणापासून बघत आलोय. कोल्हापूरला खरेदीला गेलो तरी तोच अर्थ, पोराला कन्नड शिकवलं तरी तोच अर्थ. १९५६ साली रेघ कुणी आखली आणि ती आमच्या घरांवरून कशी गेली, यावर मला जे वाटतं ते मी इतरत्र बोलतो, उघड बोलतो. फुटबॉल ही मात्र अशी जागा होती जिथे मला कोणी ‘तू कुठल्या बाजूचा’ असं त्या अर्थाने विचारत नव्हतं. तिथे ते तुम्ही आणलंत. आणलंत तेही गोव्याच्या नावाने, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तर मी गोव्याचा कसा झालो ते ऐका.

माझ्या वडिलांचा भाजीचा धंदा होता. कोबी, फ्लॉवर, ओली मिरची, कोथिंबीर. रात्री टेम्पो भरायचा, खानापूर सोडलं की अनमोडचा घाट, मग मोले, फोंडा आणि उजाडता उजाडता मडगावचं मार्केट. गोव्यातल्या भाजीचा केवढा वाटा आजही बेळगावकडून जातो हे तुम्हाला ठाऊक असेलच. शाळेला सुट्टी पडली की मी ड्रायव्हरकाकांच्या शेजारी बसून जायचो. माल उतरला, हिशेब झाला, की वडिलांकडून वर्षानुवर्षं माल घेणारे एक गोंयकार भाजीवाले मला बरोबर घेऊन दुपारच्या मॅचला फातोर्ड्याला जायचे. ते कोकणीत बोलायचे, मी मराठीत. मॅच सुरू झाली की दोघेही नुसते ओरडायचो. साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, वास्को, धेंपो ही नावं मी पेपरात वाचायच्या आधी त्यांच्या तोंडून ऐकली. पुढे मी स्वतः धंद्यात उतरलो तेव्हाही मॅच बघून माल पाठवायचे दिवस ठरवायचो, आणि त्यावरून घरात भांडणं झालेली आहेत.

आर्मांदो कुलासो सरांचा धेंपो मी पाहिलाय. रँटी मार्टिन्स आणि बेटो एकमेकांना न बघता पास द्यायचे, मागे महेश गवळी आणि समीर नाईक, डाव्या बाजूला क्लिफर्ड मिरांडा. २००५ ते २०१२ या काळात राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा घेणारा संघ होता तो. कोच म्हणजे काय, तो संघाला ओळख कशी देतो, हे मला त्या माणसाकडे बघून कळलं. लोबेराचं काम मला लगेच का पटलं याचं कारण तिथे आहे. धेंपोनंतर इतक्या वर्षांनी गोव्याचा एक संघ पुन्हा असा खेळताना दिसला, की जर्सी झाकली तरी ओळखू यावा.

बेंगळुरू एफसीची स्थापना २०१३ची. म्हणजे ज्या क्लबच्या रागापोटी मी गोव्याचा झालो असं तुम्ही ठोकून दिलंत, तो क्लब जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून मी फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर बसत होतो. हे एवढं साधं गणित मांडायला तुम्हाला काही अडचण नव्हती.

आणि राग म्हणता, तर तेही सांगतो. एप्रिल २०१४ मध्ये बेंगळुरूने फातोर्ड्यातच धेंपोला ४-२ असं हरवलं आणि पदार्पणातच आय-लीग, म्हणजे तेव्हाची राष्ट्रीय लीग, जिंकली. मी स्टँडमध्ये होतो. धेंपो हरला म्हणून वाईट वाटलं, आणि ॲशली वेस्टवूडच्या पोरांसाठी मी उभा राहून टाळ्याही वाजवल्या, कारण त्या मोसमात त्यांच्याइतकं शिस्तीत कोणी खेळलं नव्हतं. २०१६ मध्ये अल्बर्ट रोकाच्या हाताखाली तोच संघ दोहात एएफसी कप या आशियाई क्लब स्पर्धेची फायनल खेळला तेव्हा ती मॅच मी शेजारच्या अण्णांच्या घरी बघितली. अण्णा कन्नड, बेंगळुरूचे कट्टर. त्या रात्री आम्ही दोघेही बेंगळुरूच्याच बाजूने होतो, आणि १-० ने गेली तेव्हा दोघांनाही जेवण गेलं नाही.

मार्च २०१९. मुंबईत आयएसएलची फायनल, आपण विरुद्ध बेंगळुरू, अतिरिक्त वेळेत आपला मिडफिल्डर जाहू रेड कार्डवर बाहेर, आणि शेवटी कॉर्नरवर राहुल भेकेचं हेडर. त्या रात्री मी टीव्ही बंद करून बाहेर ओट्यावर बसलो होतो. अण्णा आले, शेजारी बसले आणि म्हणाले, “खेळ तुमचाच बरा होता.” त्यांच्या संघाने चषक जिंकला होता, फटाके लावायचा त्यांना हक्क होता. त्यांनी लावले नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये सेमीफायनलला आपण फातोर्ड्यात दोन गोल फेडले आणि छेत्रीने भरपाई वेळेत पुन्हा सगळं संपवलं, तेव्हाही अण्णांचा फोन आला, चौकशीचा. मला हरवणाऱ्या क्लबचा चाहता माझ्याशी असं वागतो. माझ्याच क्लबचा चाहता मला ‘तुम्ही कोण’ विचारतो. यातलं कोण परकं, हे मी कसं ठरवायचं ते तुम्हीच सांगा.

टीव्हीसमोर बसून, म्हणता. हो, बऱ्याच मॅचेस टीव्हीवर बघतो. साडेसातची मॅच संपवून फातोर्ड्याहून निघालं की चोर्ल्याने या नाहीतर अनमोडने या, घरी पोचायला मध्यरात्र उलटतेच, आणि पहाटे माल उतरवायला मी मार्केटला हवा असतो. धुकं असलं की घाटात पुढच्या गाडीचा दिवा दिसत नाही. तरीही आमच्या टिळकवाडीतून, शहापुरातून, कॅम्पातून, खानापुरातून पोरं दाटीवाटीने गाडी करून येतात. शनिवार-रविवारी गणपत गल्लीत आणि खडेबाजारात गोव्याच्या नंबरच्या गाड्या लागलेल्या असतात, त्यांना आम्ही कधी विचारत नाही की तुमचं इथे काय काम. बेळगावहून बेंगळुरू पाचशे किलोमीटर आणि गोव्याची हद्द दोन तासांच्या आत. माणूस जिथे पोचू शकतो तिथला होतो, यात कोणाचा राग कुठून आला?

शिवाय २०२०-२१चा मोसम आठवा. करोनामुळे अख्खी लीग गोव्यातच झाली, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या मैदानांवर, प्रेक्षकांविना. एप्रिल २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचे आपले सामने फातोर्ड्यातच झाले, तेही रिकाम्या स्टँडसमोर. इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध आपल्या एदू बेदियाने हेडरने गोल केला तेव्हा स्टेडियमच्या भिंतीला लागून राहणारा माणूसही टीव्हीसमोरच होता. त्याचं प्रेम तेव्हा कमी झालं होतं का? मग माझंच का कमी होतं?

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. कोरोचा प्रश्न तर तुम्ही विचारायच्या आधीच निकालात निघाला आहे. २०२०-२१ मध्ये लोबेराने मुंबई सिटीला शील्ड आणि चषक दोन्ही एकाच मोसमात जिंकून दिले, आणि त्या संघात कोरो नव्हता. फायनल फातोर्ड्यातच झाली, हे मला अजून सलतं. कोरो मोठा खेळाडू होता. पहिल्या मोसमात १८ गोल, दुसऱ्यात १६, कोण नाकारतंय? पण २०१९-२० च्या साखळीत आपण ४६ गोल केले, त्यातले कोरोचे १४. उरलेले बत्तीस कुठून आले? ह्युगो बुमूने ११ मारले, आणि बुमू तोवर किती जणांना माहीत होता? मंदार राव देसाईला विंगवरून लेफ्ट बॅकला कोणी आणलं? खेळाडू कोचला मोठं करतो हे जितकं खरं, तितकंच कोच खेळाडूला मोठं करतो हेही. तुम्ही अर्धंच धरून बसलात.

माझ्या लेखाचा खरा मुद्दा, ज्याला तुम्ही हातही लावला नाहीत, तो वेगळा होता. जानेवारी २०२०च्या शेवटी साखळीतल्या तीन मॅचेस बाकी होत्या, आपण वर होतो, आणि लोबेराला काढलं. क्लिफर्ड मिरांडाने तात्पुरता कोच म्हणून उरलेलं काम निभावलं, जमशेदपूरला ५-० करून शील्ड आणली. त्याच्याबद्दल मला आदरच आहे, धेंपोपासून आहे. पण तो संघ लोबेराने उभा केलेला होता. सेमीफायनलला चेन्नईत ४-१ खाल्ले तेव्हा बाजूला तो माणूस नव्हता. मग जाहू, फॉल, बुमू आणि मंदार चौघेही त्याच्यामागे मुंबईला गेले, आणि पुढच्याच वर्षी त्याच मुंबईने पेनल्टीवर आपल्याला सेमीफायनलमधून बाहेर काढलं. एका निर्णयाने क्लबची तीन वर्षं मोडली असं माझं मत आहे. ती घसरण शेवटी मानोलोनेच थांबवली, म्हणजे तुमच्या मानोलोचं मोठेपण मोजायलाही लोबेराला घालवल्यानंतर काय झालं ते मांडावंच लागतं. मी तेच मांडलं होतं. त्यावर तुमच्याकडे काही सांगण्यासारखं असेल तर सांगा, मी वाचेन.

एप्रिल २०२४ची मुंबईविरुद्धची सेमीफायनल मी मुद्दाम लेखात घेतली नव्हती. फातोर्ड्यात नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० पुढे, आणि शिट्टी वाजली तेव्हा २-३. मानोलोला कमी लेखायचं असतं तर ती एक मॅच पुरेशी होती. मी ती वापरली नाही, कारण एका रात्रीवरून कोच जोखू नये असं मला वाटतं. हे तुमच्या लक्षात यायला हवं होतं.

पुढचा लेख लोबेरानंतरचा कोच हुआन फेरांडोवर येतोय. २०२१चा ड्युरँड कप, आशियातले ते तीन गुण, आणि त्या डिसेंबरमध्ये मोसम अर्ध्यावर सोडून त्याचं कोलकात्याला जाणं, सगळं त्यात असेल. त्याखाली तुम्ही माझं प्रत्येक वाक्य खोडून काढा, ते मी राहू देईन. माणूस कुठल्या गावचा आहे यावरून त्याचं मत मोडीत काढणारी प्रतिक्रिया मात्र यापुढे ठेवणार नाही, मग ती तुमची असो नाहीतर माझ्या बाजूने लिहिणाऱ्या कोणाची.