क्लीन लुक

रविवारी आत्या आली होती. नवा हॉल बघून झाला, चहा झाला, मग मी जरा मिरवत स्पीकरवर भूप लावला. आत्यानं अर्धा मिनिट ऐकलं आणि विचारलं, "बाईंना सर्दी झालीय का रे?"

बाई ठणठणीत होत्या. सर्दी आमच्या टीव्ही युनिटला होती.

घराचं इंटिरियर करून घेतलं, त्यात डिझायनरबाईंना माझे दोन स्पीकर खुपले. हॉलला 'क्लीन लुक' हवा होता. मग स्पीकर टीव्हीखालच्या कप्प्यात कोंडले गेले. समोर १८ एमएम एमडीएफच्या फळीतून सीएनसी मशीनवर कापलेली कमळांची जाळी आली आणि जाळीमागे, धूळ नको म्हणून, सोफ्याचं उरलेलं कापड. मी तक्रार केली तेव्हा बाई म्हणाल्या, "आवाज येतोय ना, सर?" येतोय. शेजारच्यांच्या टीव्हीचाही येतो.

सोमवारी बिजागरी दुरुस्त करायला त्यांचा मिस्त्री आला. गाणं चालूच होतं. त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, मान तिरकी केली, तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि निदान सांगितलं.

"साहेब, टॉप दाबलाय, बारीक आवाज येत न्हाई. बेस नुसता घुमतोय."

तेव्हा कळलं की या गृहस्थाचा मेहुणा साताऱ्याकडं वरातींना आणि गणपतीला साउंड देतो, आणि त्याचे सगळे बॉक्स आमचे मिस्त्रीच ठोकतात. मी स्टूल पुढं केलं. ते बसले नाहीत, उभ्यानंच सुरू झाले.

"स्पीकरचा कोन, म्हंजी मधला पडदा, म्होरं हवा ढकलतो, तशी मागं बी ढकलतो. म्होरची आन् मागची भेटली की एकमेकीला खाऊन टाकत्यात. बेस खलास. म्हणून बॉक्स. न्हाईतर कशाला प्लाय घालवायचा?"

एवढं बोलून त्यांनी जाळी काढली, माझा स्पीकर बाहेर घेतला आणि बोटाच्या पेरानं त्याची प्रत्येक बाजू ठोकून पाहिली. लग्नाला मुलगी बघायला आलेली माणसंही एवढी चिकित्सा करत नाहीत.

"टक असा आवाज आला पायजे. ढब्ब आला की समजायचं, डबा बोलतोय. कोनानं बोलायचं, डब्यानं गप बसायचं. आमी आतनं आडव्या पट्ट्या मारतो." मग पाठीमागचं भोक दिसलं. "ह्ये बघा! पाइप मागं काढलाय, आन् तुमी पाठ फळीला लावून ठिवली. त्यो श्वास कुठनं घेणार?"

मी? मी ठेवली?

हे भोक काही हवा खेळती राहावी म्हणून नसतं. पेटीतली हवा आणि पाइपमधली हवा मिळून खालच्या एका ठराविक सुराला झुलतात, आणि कोनाची एरवी वाया जाणारी मागची लाट तिथं कामाला लागते. अमेरिकेतल्या बेल लॅबच्या अल्बर्ट थुरास यांना याचं पेटंट १९३२ साली मिळालं. ती सगळी हुशारी आमच्याकडं लॅमिनेटच्या फळीला तोंड लावून बसली होती. कप्पा आपला वेगळा घुमत होता, म्हणून डग्गा सुजलेला आणि तबल्याच्या काठावरची चाट गायब.

"आन् शिट्टीचा आवाज वाकत न्हाई, साहेब. बेस वाकतो. बेस जिना उतरून पार्किंगला जातोय."

हे मी नंतर कागदावर करून पाहिलं. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. १०० हर्ट्‌झची लाट ३.४ मीटर लांब, तिला कमळं आहेत की कोबी, काही फरक पडत नाही. १०,००० हर्ट्‌झची लाट ३.४ सेंटिमीटरची. ती पाकळ्यांच्या जाड कडांवर आपटते, फुटते, काही तुकडे उशिरा येतात. उरलेलं सोफ्याचं कापड गिळतं. आणि स, श, तंबोऱ्याच्या जवारीची झळाळी, हे सगळं त्या वरच्या मजल्यावरच राहतं.

कापडाची परीक्षा मिस्त्रींनी जागच्या जागी घेतली. तुकडा तोंडाला लावून गाल फुगवले, चेहरा लाल झाला, पलीकडं काही पोहोचलं नाही. "फुंकर आरपार गेली पायजे. वैनी, तुमी बघा बरं." बायकोनं फुंकर मारली. मग मी. मॅचिंग कापडावर आम्ही आळीपाळीनं फुंकर मारत असताना दूधवाला बिल घेऊन दारात उभा होता. तो काही न बोलता बिल ठेवून गेला.

"पण मिस्त्री, ही जाळी तुम्हीच बसवलीत ना?"

"बसवली की."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"आमाला कुठं इचारत्यात, साहेब? आमाला माप देत्यात."

यावर मला काही सुचलं नाही. राग मात्र आला, आणि तो अजून आहे. आरसीए या अमेरिकी रेडिओ कंपनीच्या हॅरी ओल्सननं १९५१ साली एकच स्पीकर वेगवेगळ्या आकारांच्या पेट्यांत बसवून मोजमापं छापली. गोळ्यातून आवाज सर्वांत सरळ आला, चौकोनी ठोकळ्यात कडांपाशी अडखळून वर-खाली होत राहिला. बरे कारखाने त्यासाठीच कडा गोल करतात, जाळीची चौकट बारीक ठेवतात. मिरजेत तंबोऱ्याचा भोपळा निवडताना कारागीर किती खल करतात! त्या भोपळ्याला कुणी लॅमिनेट मारा म्हणून बघावं. पण स्पीकर म्हटला की तो फर्निचर. टीव्ही पातळ करता करता कंपन्यांनी त्याचा आवाज खाली टेबलावर सोडला. आता मालिकेतली सासू काय म्हणाली ते कळायला आई आवाज चाळीसवर नेते, की लगेच जाहिरात किंचाळते. उपाय काय, तर साउंडबार विकत घ्या. म्हणजे पातळपणाचे पैसे आधी द्या, आणि आवाजाचे नंतर.

डिझायनरबाईंना जाळी काढायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तिथं व्हॉइड दिसेल, सर. बुद्धा ठेवू या का?" संध्याकाळी एस्टिमेट आलं: जाळी काढणावळ, कडांना पट्टी, टच-अप, वर १८ टक्के जीएसटी.

मी मिस्त्रींना परस्पर फोन केला. ते येत्या रविवारी येतायत. मजुरी नको म्हणाले, जाळी द्या. मेहुण्याच्या देवघराला होईल.