रशियातला सैनिक महाग का होत गेला? एका व्हायरल संदेशाला मुद्देसूद उत्तर

युक्रेन युद्धाबद्दलचा एक संदेश मराठी गटांमधून पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: या युद्धाने रशियाचं आत काहीही बिघडलेलं नाही. सैन्यात जायची सक्ती नाही, तरुण स्वतःहून रांगा लावतात. ऐंशी टक्के जनता पाठीशी आहे, म्हणून तर मोर्चे निघत नाहीत. बेकारी संपली आहे. मेलेल्यांचे आकडे पाश्चात्त्यांनी फुगवलेत. आणि चांगल्या पगारासाठी परदेशी तरुणही आनंदाने तिथल्या सैन्यात दाखल होताहेत. हे शेवटचं वाक्य वाचून एखाद्या घरातला मुलगा खरोखर विमानात बसू शकतो. म्हणून एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

“सक्ती नाहीच, सगळे स्वयंसेवक”

सक्ती आहे, आणि युद्धाच्या आधीपासून आहे. रशियात पुरुषांना एक वर्षाची लष्करी सेवा कायद्याने बंधनकारक आहे. वयोमर्यादा 18 ते 27 होती, ती 1 जानेवारी 2024 पासून 30 पर्यंत वाढवली. 2025 मध्ये वसंतातल्या फेरीत 1,60,000 आणि शरदातल्या फेरीत 1,35,000 जणांना बोलावण्याचे हुकूम निघाले. या पोरांना युक्रेनमध्ये पाठवत नाही, असं सरकार सांगत आलंय. पण 9 मार्च 2022 ला, म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर दोनच आठवड्यांत, संरक्षण मंत्रालयालाच कबूल करावं लागलं की त्यांतले काही जण तिथे गेले होते. ऑगस्ट 2024 मध्ये युक्रेनी फौजा रशियाच्या कुर्स्क प्रांतात घुसल्या, तेव्हा सीमेवर पहाऱ्याला ठेवलेली अशीच कित्येक पोरं कैद झाली.

दुसरी सक्ती 21 सप्टेंबर 2022 ची. त्या दिवशी पुतिन यांनी ‘आंशिक’ लामबंदीचा, म्हणजे काही नागरिकांना सक्तीने युद्धासाठी बोलावण्याचा, हुकूम काढला आणि संरक्षणमंत्री शोइगू यांनी 3 लाखांचा आकडा सांगितला. हुकमातलं सातवं कलम जाहीरच केलं नाही. 28 ऑक्टोबरला भरती पूर्ण झाल्याचं सांगण्यात आलं, पण लामबंदी संपवणारा लेखी हुकूम निघालाच नाही. वरवर ही तांत्रिक बाब वाटते, पण सैनिकाचा जीव इथेच अडकतो. मूळ हुकमानुसार लामबंदीचा काळ संपेपर्यंत सैनिकांचे करार चालूच राहतात. सुटायचे मार्ग तीनच: वयोमर्यादा उलटणे, वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवणे, किंवा न्यायालयाने तुरुंगवास ठोठावणे. त्यामुळे 2022 च्या शरदात नेलेला माणूस असो की मागाहून “एक वर्षाचा” करार केलेला, दोघांनाही परतीची तारीख नाही.

आता सैन्यात बोलावण्याच्या नोटिशीकडे या. पूर्वी ही नोटीस, रशियनमध्ये ‘पोवेस्तका’, हातात देऊन सही घ्यावी लागे. म्हणून लोक दार उघडत नसत, नोंदणीच्या पत्त्यावर राहत नसत, आईवडील “तो इथे नसतो” म्हणून सांगत. एप्रिल 2023 च्या कायद्याने ही वाट बंद केली. नोटीस सरकारच्या इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत चढली की सात दिवसांनी ती मिळाली असं धरलं जातं, तुम्ही खातं उघडा वा न उघडा. देश सोडायला मनाई लगेच लागू होते. हजर राहायच्या तारखेनंतर वीस दिवस उलटले की गाडी चालवता येत नाही, घर-जमिनीची नोंदणी होत नाही, कर्ज मिळत नाही, स्वतःच्या धंद्याची नोंद करता येत नाही. लोक खरंच रांगा लावून येत असते, तर हा सापळा कशासाठी रचला असता?

“तरुण देशप्रेमाने जातात”

काही जण जात असतील. पण सरकारने मोजलेले पैसे बघा. 2022 मध्ये करारावर सही केली की केंद्राकडून एकरकमी 1,95,000 रुबल मिळत. 31 जुलै 2024 च्या हुकमाने ते 4 लाख झाले. प्रांतांची भर वेगळी. मॉस्को शहराने त्याच महिन्यात आपल्या बाजूने 19 लाख रुबल जाहीर केले आणि पहिल्या वर्षाची एकूण कमाई 52 लाखांपर्यंत जाते, अशी जाहिरात केली. तेव्हा रुबल आणि रुपया जवळपास एकाच भावात होते, त्यामुळे हे आकडे रुपयांत वाचले तरी चालेल. तेवढ्यानेही भागेना, म्हणून नोव्हेंबर 2024 मध्ये कायदा झाला: 1 डिसेंबरपासून करार करणाऱ्याचं 1 कोटी रुबलपर्यंतचं थकीत कर्ज माफ.

ज्या कामाला माणसं सहज मिळतात, त्याची मजुरी दोन वर्षांत अशी चढत नाही. पैशांखेरीज तुरुंगही उघडले. 2022 च्या उन्हाळ्यात वॅग्नर या भाडोत्री सैनिकांच्या टोळीने आघाडीवर कैदी न्यायला सुरुवात केली, पुढे संरक्षण मंत्रालयाने तेच काम कायदा करून हाती घेतलं. 2024 पासून तर खटला चालू असलेल्या आरोपीलाही सैन्यात जाऊन खटला थांबवून घेता येतो. यातून गावांत काय परत येतं, हा तिथला रोजचा प्रश्न आहे: खुनाची शिक्षा भोगणारा माणूस सहा महिन्यांत माफी घेऊन त्याच रस्त्यावर उभा राहिला, आणि काहींनी पुन्हा खून केले.

जखमींचा हिशेबही पाहा. मार्च 2022 पासून जखमी सैनिकाला सरसकट 30 लाख रुबल मिळत. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याचे टप्पे पाडले: गंभीर जखमेला 30 लाख, हलकीला 10 लाख, किरकोळीला 1 लाख. जखमी मोजके असते, तर ही काटछाट सुचलीच नसती.

“मोर्चे नाहीत, म्हणजे विरोध नाही”

4 मार्च 2022 ला, आक्रमणाच्या नवव्या दिवशी, सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवण्यासाठी 15 वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा कायदा झाला. सोबत ‘सैन्याची बदनामी’ हा वेगळा गुन्हा. पहिल्या वेळी 30 ते 50 हजार रुबल दंड, वर्षाच्या आत पुन्हा सापडलात तर फौजदारी खटला. मॉस्कोतले नगरसेवक अलेक्सेई गोरिनोव यांनी सभेत एवढंच म्हटलं होतं की युद्धात मुलं मरत असताना इथे मुलांची चित्रकला स्पर्धा कसली भरवता. त्यांना सात वर्षं. सेंट पीटर्सबर्गच्या साशा स्कोचिलेन्को हिने दुकानातली किमतीची पाच कार्डं काढून त्या जागी तशीच दिसणारी कार्डं लावली. त्यांवर किमतीऐवजी युद्धाची माहिती होती. तिलाही सात वर्षं. पाच कार्डं, सात वर्षं.

आणि तरीही लोक उतरले. लामबंदी जाहीर झाली त्या एका दिवसात 1,300 हून अधिक लोक पकडले गेले. 25 सप्टेंबरला दागिस्तानची राजधानी मखाचकला इथे बायका पोलिसांना आडव्या गेल्या. जॉर्जियाच्या सीमेवर वेर्खनी लार्सच्या घाटात मोटारींची रांग मैलोगणती लांबली, लोक सायकली घेऊन आणि पायी पलीकडे गेले. कझाकस्तान सरकारने सांगितलं, दोन आठवड्यांत 2 लाखांवर रशियन आले. परत गेलेले बरेच आहेत, पण सरकारला जे कळायचं ते कळलं. मोठ्या शहरांतला मध्यमवर्ग अंगावर घ्यायचा नाही. तेव्हापासून दुसरी लामबंदी टाळून पैशाने माणसं आणण्यावर सगळा भर आहे.

2023 च्या शरदात लामबंदीत गेलेल्यांच्या बायका ‘पुत दोमोय’, म्हणजे ‘घरची वाट’, या नावाने एकत्र आल्या. पांढरे रुमाल बांधून क्रेमलिनच्या भिंतीशी अज्ञात सैनिकाच्या स्मारकावर फुलं वाहायच्या. मागणी साधी होती, आमची माणसं बदलून द्या. मे 2024 मध्ये या चळवळीला ‘परदेशी हस्तक’ ठरवलं. त्याच वर्षी जानेवारीत युद्ध थांबवा म्हणणारे बोरिस नादेझ्दिन अध्यक्षपदाला उभे राहू पाहत होते, तेव्हा त्यांच्या अर्जावर सही करायला लोक कडाक्याच्या थंडीत रांगेत उभे होते. निवडणूक आयोगाने सह्यांत दोष काढून अर्ज फेटाळला.

“ऐंशी टक्के पाठीशी”

प्रश्न कसा विचारला, त्यावर उत्तर ठरतं. लेवादा या जनमत चाचण्या घेणाऱ्या रशियन संस्थेच्या पाहणीत “सैन्याच्या कारवाईला पाठिंबा आहे का” म्हटलं की साधारण तीन चतुर्थांश लोक हो म्हणतात. नाही म्हणणं जिथे दंडनीय आहे, तिथे अनोळखी माणसाला आणखी काय सांगणार? पण “युद्ध चालू ठेवावं की वाटाघाटी कराव्यात” असं विचारलं की बहुमत वाटाघाटींकडे झुकतं, ऑगस्ट 2025 मध्ये तर जवळपास दोन तृतीयांश. आणि सप्टेंबर 2022 मध्ये, लामबंदीनंतर, 47 टक्क्यांनी आपली भावना सांगितली ती चिंता, भीती, धास्ती. अभिमान सांगणारे होते 23 टक्के.

“बेकारी संपली”

हो, 2024 च्या अखेरीस बेकारी 2.3 टक्क्यांवर आली. माणसं आघाडीवर गेली, परदेशी गेली, उरलेली शस्त्रांच्या कारखान्यांत तीन पाळ्यांत लागली. बसला चालक आणि कारखान्याला फिटर मिळेना. पगार वाढवावे लागले, त्यामागे भाव चढले. महागाई रोखायला मध्यवर्ती बँकेने ऑक्टोबर 2024 मध्ये व्याजदर 21 टक्क्यांवर नेला. एवढ्या व्याजाने शस्त्रांखेरीज दुसरा कारखाना कोण टाकणार? 2025 च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला 13.5 लाख कोटी रुबल होते, एकूण खर्चाचा जवळपास तिसरा हिस्सा. डिसेंबर 2023 मध्ये अंड्यांच्या भावाबद्दल एका पेन्शनर बाईची माफी खुद्द पुतिन यांना टीव्हीवर मागावी लागली. 2026 पासून मूल्यवर्धित कर 20 वरून 22 टक्के झाला.

“आकडे फुगवलेले”

रशियाने मृतांचा शेवटचा एकत्रित आकडा 21 सप्टेंबर 2022 ला दिला: 5,937. त्यानंतर मौन. बीबीसीची रशियन सेवा आणि ‘मीडियाझोना’ हे रशियन वृत्तसंकेतस्थळ मेलेली माणसं मोजतात ती अंदाजाने नव्हे, नावाने: स्थानिक वर्तमानपत्रातली निधनवार्ता, गावच्या शाळेतला फलक, दफनभूमीतली नवी कबर. 2025 मध्ये ही यादी एक लाखाच्या पुढे गेली, आणि ती अपुरीच असणार, कारण प्रत्येकाची बातमी छापून येत नाही.

या यादीत तुवा आणि बुर्यातिया यांच्यासारखे गरीब प्रांत लोकसंख्येच्या मानाने फार वर आहेत, मॉस्को फार खाली. जिथे महिन्याचा पगार थोडका, तिथे करारावरच्या सहीचे पैसे म्हणजे घर आणि कर्जमुक्ती. 1979 ते 1989 च्या अफगाण युद्धात सुमारे 15,000 सोव्हिएत सैनिक मारले गेले. जस्ताच्या पेट्यांत बंद होऊन आलेल्या त्या शवांना लष्करी भाषेत ‘ग्रुझ 200’ म्हणत, आणि तो शब्द अजून प्रत्येक रशियन आईला कळतो. तेव्हा मुलं सक्तीची होती, म्हणून आया जाब विचारू शकल्या. आता मेलेल्याने पैसे घेऊन सही केलेली असते, आणि घरच्यांचं तोंड तिथेच बंद होतं.

“परदेशीही आनंदाने जातात”

मार्च 2024 मध्ये सीबीआयने मुंबई, दिल्ली, चेन्नईसह सात शहरांत छापे घातले. मदतनीस, सुरक्षारक्षक अशा नोकऱ्या किंवा शिक्षणात प्रवेश सांगून तरुणांना रशियात नेलं जात होतं. तिथे रशियन भाषेतला करार पुढे येतो, पासपोर्ट काढून घेतला जातो, थोडक्या प्रशिक्षणानंतर रवानगी आघाडीवर. जुलै 2024 मध्ये पंतप्रधान मोदींनी मॉस्कोत हा विषय काढला. जानेवारी 2025 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने आकडे दिले: 126 भारतीय, त्यांतले 96 परत, 12 मृत, 16 बेपत्ता. सप्टेंबर 2025 मध्ये पुन्हा सावध करावं लागलं, कारण भरती थांबलेली नव्हती.

ते 96 जण करार संपला म्हणून घरी आले नाहीत. दिल्ली आणि मॉस्को यांच्यात बोलणी झाली, म्हणून सुटले.