दिवस संक्रांतीपासून मोठा होत नाही

‘१४ जानेवारीपासून दिवस मोठा होऊ लागतो’ हा फिरणारा मजकूर चुकीचा आहे. सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा. संक्रांतीपर्यंत मुंबईतला दिवस सुमारे सात मिनिटांनी वाढलेलाही असतो. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी सूर्याचा मकरप्रवेश आणि उत्तरायणारंभ, म्हणजे दिवस मोठा होऊ लागणं, एकत्र होत. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीमुळे, म्हणजे भोवऱ्यासारख्या अतिशय संथ डोलण्यामुळे, ते दुरावले.

गैरसमज टिकतो, कारण सकाळ फसवते. आपल्याकडे जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उशिराच उगवत जातो. वाढ दिसते ती संध्याकाळी. म्हणून डिसेंबरअखेर रोज एकाच खिडकीतून मावळतीची वेळ टिपून बघा. मुलांना तर आवर्जून दाखवा. आणि तिळगूळ? तो संक्रांतीलाच, गोडीनं!